चार सेकंदांचा दम

माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या माळ्यावरची कापसाची गादी यंदा मशीनवर पिंजायला दिली. बसस्टँडच्या मागे, बंद पडलेल्या जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीला लागून ते दुकान आहे. दुकानदारानं ब्लेडनं शिवण उसवली आणि आतला गोळे झालेला कापूस फरशीवर ओतला. आधी धुळीचा वास आला, मग जुन्या खोबरेलाचा, आणि सगळ्यांच्या खाली सरकीचा, तेलकट, किंचित गोडसर. रिकामी खोळ झटकून त्यानं माझ्या हातात दिली. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड कापड. चारही कोपऱ्यांना आतून मरून रंगाचे चौकोनी तुकडे लावलेले होते. एका तुकड्यावर सोनेरी गोटाची दोन बोटं लांब पट्टी अजून शिल्लक होती.

“बँडच्या कोटाचं कापड आहे ते,” अक्का म्हणाली. “हुसेनबाबाच्या हातची गादी. खोळ टाकू नको, घरी घे.”

दुकानदार म्हणाला, उद्या पंधरा ऑगस्ट, दुकान बंद. गादी परवा मिळेल. मी संध्याकाळच्या धुळे गाडीनं निघणार होतो. राहिलो. अक्कानं विचारलं, कशासाठी राहिलास. गादीसाठी, असं मी सांगितलं. ते अर्धं खरं होतं.

आमचं गाव अमळनेर आणि धुळे यांच्या मधलं. त्या काळी गावात दोन जिन होते, एक मोठी शाळा होती आणि एक बँड होता. बँड पिंजारी गल्लीतल्या हुसेनबाबाचा. पिंजारी म्हणजे कापूस पिंजणारे, गाद्या भरणारे. धर्मानं मुसलमान, बोलीनं आमच्याइतकेच खानदेशी. लग्नसराईत ही माणसं बँड वाजवत आणि दसरा झाला की गाद्या पिंजत. पावसाळ्याचे दोन-तीन महिने दोन्ही कामं बंद असत. तेव्हा वाद्यं दुरुस्त होत, कोट शिवले जात, आणि जे कोट शिवण्यापलीकडे गेलेले असत त्यांचे तुकडे गाद्यांच्या कोपऱ्यांना लागत. कोपरा आधी फाटतो, म्हणून तिथे दुहेरी कापड. गावातल्या बहुतेक घरांत वरातीच्या कोटाचे असे चार तुकडे झोपणाऱ्यांच्या खाली होते. कोणाला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

हुसेनबाबा गल्लीच्या तोंडाशी आला की ओरडत नसे. खांद्यावरच्या पिंजणाची तार एकदा छेडायचा. जाड, लांब आवाज घरांमधून जायचा आणि बायका गाद्या ओसरीवर आणून टाकायच्या. तोंडाला फडकं बांधून तो अंगणात बसे. लाकडी दस्त्यानं तारेवर ठोका, तार कापसात, कापूस हवेत. ऑक्टोबरच्या उन्हात तो कापूस खाली यायला वेळ लागायचा. दुपारपर्यंत बाबाच्या भुवया आणि पापण्या पांढऱ्या झालेल्या असत. पिंजलेल्या ढिगात उडी मारायला आईची बंदी होती. आई आत गेली की बाबा ढिगाकडे नुसती मान हलवायचा, आणि आम्ही उड्या मारायचो.

दुपारी तो नळावर हातपाय धुवायचा. तोंडाचं फडकं झटकून, तुळशीपासून थोडं बाजूला, पश्चिमेकडे तोंड करून अंथरायचा. आई आम्हाला हाक मारून आत घ्यायची. नमाजाच्या वेळी गोंगाट करू नये असं ती कधी म्हणाली नाही. फक्त त्याच वेळी तिला आमच्याकडे काही ना काही काम असायचं. नंतर दादर ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि चहा. इथे एक गोष्ट लिहायला हवी. चहाचा त्याचा कप वेगळा होता, कान तुटलेला, ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेला. चहा पिऊन तो स्वतः विसळायचा आणि परत कोनाड्यात ठेवायचा. त्यानं भरलेल्या गादीवर मात्र आजोबा झोपत, देवघराला लागून असलेल्या खोलीत. पुढे कधीतरी कोनाडा रिकामा दिसू लागला. कप फुटला की आईनं काढला, ते कळलं नाही. बाबा आमच्याच कपातून चहा पिऊ लागला, आणि त्यावरही घरात कोणी काही बोललं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पिंजारी गल्लीत चिंचेचा वास असायचा. पितळी वाद्यं चिंचेच्या कोळानं आणि राखेनं घासली जात. घासलेली ट्रम्पेटं खाटेवर ओळीनं वाळत ठेवलेली असत. ढगातून ऊन आलं की गल्लीच्या दोन्ही भिंतींवर कवडसे हलत. पंधरा ऑगस्टला मरून कोट चालत नसत. पांढरा सदरा, पांढरी विजार आणि पांढरी टोपी. ही टोपी बाबाची बायको गादीच्या उरलेल्या मांजरपाटातून शिवायची. ती पुढे टोकदार नव्हती आणि पूर्ण गोलही नव्हती. चहाच्या दुकानात दरवर्षी त्यावरून वाद व्हायचा, की ही गांधीटोपी की नमाजाची. एकदा कोणीतरी थेट बाबालाच विचारलं. त्यानं टोपी काढून आत पाहिलं आणि म्हणाला, “आतमां डोकं शे.” आणि परत घातली.

शाळेच्या मैदानावर झेंडा चढायचा. दोरीची गाठ सुटायची, पाकळ्या पडायच्या, हेडसर सावधान म्हणायचे आणि बँड राष्ट्रगीत सुरू करायचा. पुढे बाबाचं क्लॅरिनेट, मागे ट्रम्पेट, ढोल आणि साइड ड्रम. मैदानावर शाळेची मुलं, पलीकडे गाव: टोप्या, पागोटी, मारवाडी दुकानदार, पिंजारी गल्लीतली माणसं, भिंतीवर बसलेल्या बाया. सगळे म्हणत.

आणि शेवटच्या ओळीच्या आधी सगळे थांबत.

बाबाला दम होता. आयुष्यभर नाकातोंडात गेलेला कापूस छातीत बसला होता. शेवटच्या ओळीला लागणारा श्वास त्याच्याकडे शिल्लक नसायचा. तो क्लॅरिनेट ओठांपासून एक वीतभर दूर घ्यायचा, खांदे वर उचलायचा, छातीत शीळ वाजल्यासारखा आवाज व्हायचा, आणि मग वाद्य परत ओठांशी यायचं. तेवढा वेळ ढोल थांबे, ट्रम्पेट थांबे, आणि गावही थांबे. आम्हा मुलांमध्ये त्या जागेला नावच होतं: दम. शाळेत नवा मुलगा आला की आम्ही त्याला आधी हेच सांगायचो, की दम येऊ दे, मग म्हण.

त्या थांबण्यात मैदानावर फार काही ऐकू यायचं. झेंड्याची दोरी खांबाला आपटायची, टिक, टिक. कोणाच्या तरी कडेवरचं पोर रडायचं. जिनाच्या पत्र्यावर कबुतरं फिरायची. बसस्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टरची शिट्टी. हजारभर माणसं तोंड बंद करून एका म्हाताऱ्याला श्वास घेऊ देत उभी असायची, आणि तो श्वास मागच्या रांगेपर्यंत ऐकू यायचा. मग शेवटची ओळ यायची, आणि इतकी वाट पाहिल्यानंतर ती मोठ्यानं यायची.

ही फक्त आमच्याकडची गोष्ट आहे, हे मला कॉलेजात कळलं. धुळ्याला पहिल्याच झेंडावंदनाला मी दमासाठी थांबलो आणि बाकीचे पुढे निघून गेले. तीन रांगा सोडून आणखी एक जण गप्प उभा होता. नंतर तो मला शोधत आला. तो आमच्याच गावच्या कापडदुकानदाराचा मुलगा निघाला. तोवर आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. आमच्या गावचा एक जण फौजेत गेला. पहिल्याच परेडला तो दमासाठी थांबला, आणि हवालदारानं त्याला मैदानाला किती फेऱ्या मारायला लावल्या ते तो सुट्टीत आला की हसत सांगायचा. दर सुट्टीला फेऱ्या वाढायच्या.

हुसेनबाबा गेल्यावर क्लॅरिनेट मुलाच्या हातात आलं. उस्मानमास्तर. उंच, रुंद छातीचा, आवाजानं हळू. त्याला दम नव्हता. वरात बसस्टँडपासून मारुतीच्या पारापर्यंत जायची आणि उस्मानमास्तर वाद्य ओठांपासून न काढता अख्खा रस्ता वाजवत जायचा. पण पंधरा ऑगस्टला शेवटच्या ओळीआधी तो वाद्य खाली घ्यायचा, बापासारखे खांदे उचलायचा आणि थांबायचा. शीळ तेवढी ऐकू यायची नाही.

शिक्षण संपवून मी जळगावच्या एका दैनिकात लागलो. तिथे पहिली शिकवण मिळाली ती मोजण्याची. गर्दी मोजा, अंतर मोजा, वेळ मोजा. “बराच” हा शब्द कॉपीतून काढा. एका ऑगस्टला पुरवणीसाठी छोट्या बातम्यांच्या चौकटी मागवल्या होत्या. मी गावी जाऊन उभा राहिलो आणि राष्ट्रगीत घड्याळावर मोजलं. बावन्न सेकंदांऐवजी छप्पन्न. चौकट लिहिली: एका गावाचं राष्ट्रगीत चार सेकंद लांब आहे, कारण ते एका पिंजाऱ्याच्या श्वासासाठी थांबायला शिकलं. हुसेनबाबाचं नाव दिलं, उस्मानमास्तरचं दिलं. चौकट छापून आली, लोकांना आवडली, संपादकांनाही आवडली. मी तोवर लिहिलेल्यात ती सर्वांत अचूक बातमी होती.

पुढचे काही महिने वेगळे होते. सीमेवरून रोज बातम्या येत होत्या. टीव्हीसमोर गर्दी असायची. माणसं बोलताना “आपले” आणि “त्यांचे” हे शब्द पूर्वीपेक्षा जास्त वापरू लागली होती, आणि “त्यांचे” म्हणताना हनुवटी पिंजारी गल्लीकडे वळायची. मास्तरला क्रिकेटच्या मॅचच्या दिवशी चहाच्या दुकानात कोणीतरी विचारायचंच, आज तुमची बाजू कोणती. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. “जो बँड सांगी, त्यानी बाजू.” लोक हसायचे. त्या वर्षी हसणं जरा उशिरा यायचं, आणि काही जण हसायचे नाहीत.

तेव्हा तहसील कचेरीत एक अर्ज आला. अर्जदार सुरेश. माझ्याच वर्गातला, बापाचं बी-बियाण्याचं दुकान चालवणारा. त्याचं काय बिनसलं होतं ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आता लिहून उपयोग नाही. अर्जात म्हटलं होतं की सदर इसम हा राष्ट्रगीतात मुद्दाम खंड पाडून अवमान करतो. सबब त्यास झेंडावंदनास वाजवण्यास मनाई करावी. सोबत पुरावा म्हणून एक कात्रण जोडलं होतं. माझी चौकट. छप्पन्न या आकड्याखाली लाल शाईची दुहेरी रेघ.

तहसीलदार साहेबांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. साहेब कोल्हापूरकडचे, नुकतेच बदलून आलेले, दम म्हणजे काय हे त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. एका बाकावर सुरेश आणि त्याच्याबरोबरचे दोघे, समोरच्या बाकावर मास्तर, पांढऱ्या सदऱ्यात. मी दाराशी उभा होतो, वहीसकट. वही उघडली नव्हती. शिपायानं अर्ज वाचून दाखवला. मास्तरनं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, इसम म्हणजे काय. माणूस, मी सांगितलं.

“चाला,” तो म्हणाला, “माणूस तरी म्हनतस.”

साहेबांनी विचारलं, तुम्ही थांबता का. थांबतो. का थांबता. वडिलांना दम होता. तुम्हाला आहे का. मास्तरनं हो म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. आजारी माणसाला कोण काय म्हणणार. डॉक्टरचा कागदही मिळाला असता, तसं त्याला बाहेर एकानं सुचवलंही होतं.

“नै, साहेब. मन्हा बापले व्हता, माले नै शे. पन बठ्ठा गाव थांबस. मी एकलाच कसा पुढे जाऊ?”

सुरेश म्हणाला, गावावर ढकलू नका, गाव तुमच्यामुळे थांबतं. तेव्हा मागच्या खुर्चीवरून हेडसर उठले. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, हातात काठी होती, आणि त्यांना कोणी बोलावलंही नव्हतं. ते साहेबांशी बोलले, पण पाहत होते सुरेशकडे.

“पहिल्या वर्षी हुसेनला दम लागला तेव्हा मुलं पुढे गेली. म्हातारा एकटा मागे राहिला. दुसऱ्या दिवशी मी प्रार्थनेला मुलांना सांगितलं, की पुढच्या खेपेला बाबासाठी थांबायचं. खंड पाडला असेल तर तो मी पाडलाय. अर्जात माझं नाव घाला. आणि सुरेश, तुला थांबायला मीच शिकवलंय, तुझंही घालू.”

सुरेश खाली पाहत होता. पंखा फिरत होता आणि टेबलावरचे कागद दगडाखाली फडफडत होते. साहेबांनी पुष्कळ वेळ लिहिलं आणि मग वाचून दाखवलं: यापुढे वाद्यवादन बावन्न सेकंदांत पूर्ण करावे. अर्ज निकाली. सुरेशला वाटलं तो जिंकला. वाक्यात “वाद्यवादन” हा शब्द होता. गाणाऱ्यांचा उल्लेख नव्हता. तो साहेबांनी मुद्दाम टाळला की सहज राहिला, हे विचारायला मी थांबलो नाही. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली.

त्या दुपारी मी पिंजारी गल्लीत गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. मास्तर पिंजायच्या खोलीत एकटा बसला होता. कोपऱ्यात बापाचं पिंजण टांगलेलं, तारेवर कापसाचा एक धागा. मी सुरुवात केली की ती चौकट मी लिहायला नको होती. त्यानं मला बसायला सांगितलं, फळीवरून पत्र्याचा डबा काढला आणि उघडून समोर धरला. आत वाद्यांच्या पट्ट्या, मेण, आणि घडी न मोडता ठेवलेलं तेच कात्रण.

“मन्हा बाबानं नाव पेपरमां छापीसन उनं,” तो म्हणाला. “तू काय खोटं लिखं का? घड्याय काढ.”

मी घड्याळ काढलं. त्यानं क्लॅरिनेट उचललं आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजवलं. त्रेपन्न. परत वाजवलं. बावन्न. परत, बावन्न. बंद खोलीत, कापसाच्या भिंतींमध्ये आवाज घुमत नव्हता. सूर संपला की संपला. शेवटच्या ओळीआधी दर वेळी त्याचे खांदे सवयीनं वर यायचे, आणि तो ते जागच्या जागी दाबायचा. दहाव्या खेपेला खांदे हलले नाहीत. त्यानं वाद्य पुसलं आणि मला चहा पाजला. दोन सारखे कप होते.

त्या सव्वीस जानेवारीला थंडी होती. मैदानाच्या पलीकडे हरभऱ्याची शेतं, दवाचा आंबूस वास. गावाला सगळं कळलेलं होतं, त्यामुळे गर्दी नेहमीपेक्षा जास्त. सुरेश पहिल्या रांगेत, मनगट डोळ्यांसमोर. झेंडा चढला. बँड सुरू झाला आणि गाव म्हणू लागलं. शेवटच्या ओळीपाशी मास्तर थांबला नाही. क्लॅरिनेट सरळ पुढे गेलं, ढोल गेला, ट्रम्पेटं गेली.

गाव थांबलं.

ठरवून नव्हे. माणसांची तोंडं आपोआप मिटली, जशी ती लहानपणापासून मिटत आली होती. वाद्यं एकटी शेवटची ओळ वाजवून बावन्नाव्या सेकंदाला संपली. मी सुरेशकडे पाहिलं. त्याचे डोळे घड्याळावर होते, आणि तोंड मिटलेलं. तोही दमासाठी थांबला होता. मैदानावर दोरी खांबाला आपटली, टिक, टिक. मग कुठूनतरी भिंतीवरच्या बायांकडून सुरुवात झाली, आणि गावानं शेवटची ओळ म्हटली, वाद्याशिवाय, नुसत्या आवाजावर. मास्तर वाद्य मांडीशी सरळ धरून सावधानमध्ये उभा होता. त्याच्या हातात आता काही काम नव्हतं. पहिल्यांदाच तो ती ओळ तोंडानं म्हणत होता.

त्या दिवसाची बातमी मी पाठवली नाही. आमच्या धंद्यात याला चूक म्हणतात.

त्यानंतर तो जितकी वर्षं वाजवत होता, तितकी वर्षं असंच चाललं. बँड बावन्न सेकंदांत, हुकमाप्रमाणे, एक क्षण इकडे तिकडे नाही. आणि गाव आपल्या वेळेत. दोघांमध्ये कधी बोलणं झालं नाही, कोणी बैठक घेतली नाही. मी देशात बरीच झेंडावंदनं पाहिली, त्यांत तोफा पाहिल्या, पथकं पाहिली. नियम मोडायचा नाही आणि माणूसही सोडायचा नाही, हे इतक्या कमी आवाजात साधलेलं दुसरीकडे पाहिलं नाही.

सुरेशच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तालुक्यात डीजे आले होते. तरी सुरेश स्वतः पिंजारी गल्लीत गेला. हे मला अक्कानं सांगितलं. त्या वेळी ती गाद्या सांगायला तिथेच आलेली होती. सुरेश खाटेच्या टोकावर बसला, पाणी प्यायला, तारीख सांगितली. मास्तरनं वहीत तारीख टिपून घेतली आणि वर न पाहता विचारलं, “वरात कितला सेकंदनी पाहिजे, सुरेशभाऊ?”

सुरेश आधी हसला नाही. मग इतका हसला की त्याला ठसका लागला. “पाहिजे तितला ल्या, मास्तर,” तो म्हणाला. अक्का म्हणते, एरवी अर्ध्या तासात पारावर पोचणारी वरात त्या दिवशी पोचेपर्यंत सगळ्या पाहुण्यांचं जेवून झालं होतं.

मास्तर जाऊन आता काही वर्षं झाली. बँड बंद आहे. मरून कोट कोणाकडे आहेत ते माहीत नाही. चार तुकडे अक्काकडे आहेत, एवढं काल कळलं.

आज सकाळी अक्का आणि मी मैदानावर गेलो. भिंत आता उंच झाली आहे, तिच्यावर कोणी बसत नाही. मैदानाशेजारच्या जिनाच्या जागी मंगल कार्यालय. कबुतरं आहेत. झेंड्याजवळ टेबलावर काळा स्पीकर, आणि त्याच्याजवळ मोबाईल हातात घेऊन उभी असलेली शाळेची शिक्षिका, उस्मानमास्तरची मुलगी शमीम. राष्ट्रगीत आता त्या मोबाईलवरून लागतं. तिनं अक्काला वाकून नमस्कार केला, मला ओळखलं, आणि कात्रण अजून डब्यात आहे असं सांगितलं. मी विचारलं, मुलांना तो दम अजून शिकवता का.

“नाही हो. मी बावन्नच शिकवते. हुकूम आहे ना अब्बांवर.”

“मग?”

“घरून शिकून येतात.”

पहिल्या रांगेत सुरेश होता. केस पूर्ण पांढरे. त्याच्या बोटाला धरून नात उभी होती, शाळेच्या कपड्यांत. झेंडा चढला, पाकळ्या पडल्या, शमीमनं बटण दाबलं. स्पीकरमधून मोठ्या शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदाचा आवाज आला, स्वच्छ, एकसारखा. मुलं म्हणू लागली, मागून गाव. उस्मानमास्तरला न पाहिलेली मुलं, हुसेनबाबाचं नावही न ऐकलेली. शेवटच्या ओळीपाशी स्पीकर पुढे गेला.

सुरेशच्या नातीनं तोंड मिटलं. तिच्या शेजारच्या मुलानं मिटलं. मागे कुठेच आवाज नव्हता. दोरी खांबाला आपटत होती. मी उजवीकडे पाहिलं; अक्काचे खांदे वर आलेले होते, श्वास घेतल्यासारखे.

स्पीकर संपला. शमीमनं मोबाईल खाली घेतला, मांडीशी सरळ धरला. मग गावानं शेवटची ओळ उचलली. घड्याळ माझ्या मनगटावर होतं. मी ते पाहिलं नाही.